पंखा उलटा फिरत होता

तोंगयोंग बंदरावरच्या कालवं फोडायच्या शेडमध्ये कप्तान प्यो जोंगरोक नाशपातीची पेटी घेऊन शिरले, तेव्हा बायकांच्या सुऱ्या थांबल्या. फक्त ओक्बुनची चालत राहिली. कप्तानांच्या जहाजाची धडक होडीला बसून तिचा नवरा बुडाला, त्याला पन्नास दिवस झाले होते.

"चौकशीतून सुटलात म्हणे," शेजारची थाक नावाची म्हातारी म्हणाली. "मग आता इथं काय बघायला आलात?"

"मावशी, तू गप." ओक्बुनने एक कालव फोडलं, मांस बादलीत टाकलं. "साहेब, दिवसाउजेडी दिसले ना ते तुम्हाला?"

"दिसले. पाऊण किलोमीटरवर. जाळं ओढत होते."

"मग थांबला का नाहीत?"

कप्तानांनी टोपी काढली. "दिसले त्याच क्षणी इंजिन उलटं टाकलं. भोंगा वाजवला. खाडी अरुंद, वळायला जागा नाही. पाण्याखालचा पंखा उलटा फिरून जीव खाऊन मागे ओढत होता, बाई, आणि जहाज पुढेच चाललं होतं. हळू होत होतं, आणखी हळू होत होतं, पण पुढेच. शेवटी तर माणूस चालतो तेवढाच वेग उरला होता."

"माणूस चालतो तेवढा." तिची सुरी थांबली. "मग होडी सहज बाजूला घेता आली असती त्यांना."

कप्तानांनी नाशपातीची पेटी खाली ठेवली. चौकशीत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नव्हतं.

"त्यांनी वर बघितलं," ते म्हणाले. "जहाज हळू होतंय हे दिसलं त्यांना. वाटलं, थांबतंच आहे. हात वर केला. आभार मानतात ना, तसा. आणि परत जाळं ओढायला वाकले."

थाक म्हातारीने तोंड फिरवलं. नळाचं पाणी कालवांवर पडत राहिलं.

"मी काचेवर मुठी आपटत होतो. पळा, पळा म्हणून ओरडत होतो. होडी नुसती कलंडली, बाई. जाळं पायात नसतं तर..."

"कुठला हात?" ओक्बुनने विचारलं.

"अं?"

"वर केला तो. कुठला?"

कप्तानांनी डोळे मिटून आठवलं. "डावा."

तिने मान डोलावली.

"डावाच," ती म्हणाली. "उजवा खांद्याच्या वर जात नव्हता त्यांचा. शर्टसुद्धा मीच चढवायची."