डावा पाय

तिसरी जळकी क्लचप्लेट मी ड्रायव्हर गुरुपादप्पासमोर आपटली. "गाडी पळताना क्लचवर पाय टेकवून ठेवतोस, म्हणून प्लेट घासून जळते." "न्हाई मिस्त्री, महादेवाची आण!" पुन्हा जळाली तर मालक त्याच्याकडून ट्रक काढून घेणार होता. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता. मग जळतं कशानं? नवी प्लेट बसवून ट्रायलला मीच स्टिअरिंगवर बसलो. "चप्पल काढा, देव हाय," त्यानं काचेजवळच्या महादेवाच्या फोटोकडं बोट दाखवलं. काढली. जळकोटच्या चढावर पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापला. जरा वेळानं खाली बघितलं, तर माझाच डावा पाय क्लचच्या पेडलवरच्या गार रबरावर विसावलेला! "एवढं पोळतं, तर सांगितलं का न्हाईस?" "देवाम्होरं चटक्याचं काय सांगायचं?" परतल्यावर माझा बसायचा लाकडी पाट क्लचशेजारी ठोकला. "पाय हितं ठेव." गुरुपादप्पानं आधी पाटाला हात जोडले, मगच पाय टेकवला.