उजळ

गाठ कॅन्सरची आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळीही दुर्गाने आपली मालिका चुकवली नाही. अंतराळयानाची ती परदेशी मालिका ती अकरा वर्षं बघत होती, कारण तिच्यातली कप्तान दुर्गासारखीच काळी होती. आज शेवटचा भाग होता. कप्तान मेली, यंत्रातून नवा देह घेऊन परत आली, आणि तो देह एका गोऱ्या बाईचा होता. यानातले सगळे टाळ्या वाजवत होते.

"अकरा वर्सां यान चालवल्यान," दुर्गा म्हणाली, "नि शेवटाक तिका पण गोरी केल्यानी." दवाखान्यात न रडलेली दुर्गा तेव्हा रडली.

चार महिन्यांनी ती गेली. बाराव्याला हार घालायला फोटो हवा, म्हणून तिचा नवरा पुंडलिक कट्टा गावच्या बाजारातल्या स्टुडिओत गेला. वडिलांचा तो स्टुडिओ आता चालवणाऱ्या निहारने मोठा केलेला फोटो समोर ठेवला.

"ही कोण रे?" पुंडलिक तडकला. "माझ्या बायलेचो रंग खंय गेलो?"

"काकानू, माझ्यावर कित्याक रागावतास? तुमीच दिलेल्या लग्नाच्या फोटोवरून केलंय. त्याच्या पाठीर माझ्या बाबांनी लिवलेला आसा, वाचा."

पुंडलिकने जुना फोटो उलटा केला. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नवऱ्याच्या सांगण्यावरून बाई उजळ करणे.'

त्या फोटोनंतर दुर्गा कधीच कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. तिच्या रंगातला तिचा एक फोटो काढायचा राहूनच गेला.