दाण्याचं कूट
सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हेमाचा अख्खा आठवडा हॉस्पिटलमध्ये गेला. घरी शाळकरी लेक ऋजुता शेजाऱ्यांच्या डब्यांवर भागवत होती. तिला शेंगदाणा चालत नसे. एकदा घसा सुजून जिवावर बेतलं होतं. इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, नव्या शेजारीण मधुताई सोडून. दुपारी त्यांचाच फोन आला. “लेकीला डबा दिलाय गं, काकडीची कोशिंबीर.” “कूट घातलंय?” “भरपूर! का गं?” “पळा ताई, खाऊ देऊ नका!” मग दोघीही फोन उचलेनात. हेमा रिक्षाने घरी निघाली, पण घोडबंदर रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तशी उतरून धावत सुटली. उघड्या दारात मधुताई रडत होत्या आणि ऋजुता त्यांची पाठ थोपटत होती. “मी खाल्लं नाही, काकू. आधी वास घेते मी.” हेमा लेकीला जवळ ओढून बराच वेळ तिचा श्वास ऐकत राहिली.