मावशींचं फडकं

"आज फोन न करता कशा आलात, मॅडम?" मावशींनी दारातच विचारलं. त्यांचा चेहरा साफ पडला होता.

"मुद्दामच," प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली आणि तिने नमुन्यांची पेटी ओट्यावर ठेवली.

मावशी या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकीण. बाई हाडाची स्वच्छ. याआधी दोनदा ही मुलगी फोन करून नमुने घ्यायला आली होती, आणि दोन्ही वेळा मावशींनी आदल्या रात्रीच औषध टाकून स्वयंपाकघर असं घासून काढलं होतं, की जंतू सोडाच, मुंगीलाही तिथे पाय ठेवायची लाज वाटावी. साहजिकच हाती काही लागलं नाही. पण इकडे तिघा आजी-आजोबांच्या रक्तात एकच जंतू सापडला होता, चौथ्या एक आजी अतिदक्षता विभागात होत्या, आणि तो येतो कुठून हे कुणालाच कळत नव्हतं. शेवटी आश्रमाने ठरवून टाकलं. या खेपेलाही कारण सापडलं नाही, तर स्वयंपाकघराला कुलूप. जेवण बाहेरून येईल आणि मावशी घरी जातील.

"घ्या, हवं तिथून घ्या," मावशी म्हणाल्या. "लपवायला आहे काय माझ्याकडे?"

मुलीने कापसाची निर्जंतुक काडी काढली आणि फळं कापायच्या फळीकडे वळली. काडी टेकणार, तोच मावशी पुढे झाल्या.

"थांबा, जरा पुसून देते."

खांद्यावरचं ओलं फडकं फळीवरून फिरलं. मुलगी फ्रिजच्या मुठीकडे गेली, तर फडकं तिच्याआधी तिथे हजर. नळाचंही तेच. पाहुण्याला बसा म्हणण्याआधी खुर्ची झटकावी, तसं चाललं होतं त्यांचं. त्यात लबाडी औषधालाही नव्हती. मुलीला धड हसता येईना, धड रागावता येईना.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मदतनीस बाई ताटांची गाडी घेऊन आली. मावशी एकेक ताट उचलत, त्याच फडक्याने पुसत आणि मग त्यात फळांच्या फोडी मांडत.

"ह्या आजी-आजोबांना दारातलं माणूस ओळखू येत नाही, पण ताटावरचा डाग बरोब्बर दिसतो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "पाण्याचा थेंब राहिला तरी कुरकुर!"

मुलीची काडी हातातच राहिली.

"मावशी, ते फडकं द्या मला."

"हे होय? थांबा, धुऊन देते."

"नको. आहे तसंच हवंय."

"काहीतरीच काय! असं मळकं कुणी कुणाच्या हातात देतं का?" फडकं पाठीमागे गेलं.

"रात्री कुठे ठेवता हे?"

"पिळून फ्रिजमध्ये. ओलं बाहेर राहिलं की वास मारतं ना."

हे सांगताना मावशींच्या आवाजात थोडा अभिमानच होता. मुलीने एक खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत.

"मावशी, बाकीचे जंतू थंडीत गारठतात. हा नाही गारठत. हा फ्रिजमध्ये मजेत वाढतो. या फडक्यात तो आहेच, असं मी म्हणत नाही, तपासल्यावर कळेल. पण असला, तर तुम्ही पुसलेल्या प्रत्येक ताटावर..." तिची नजर ताटांच्या गाडीकडे गेली.

मावशींनी पाठीमागचं फडकं उलगडून पाहिलं. मग त्यांनी फडकं पुढे केलं, दोन बोटांत धरून, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. आणि वळून मदतनीस बाईवर ओरडल्या, "गाडी थांबव! एकही ताट आत जायचं नाही. फोडी सगळ्या टाकून दे, त्या फळीसकट. आणि मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेव."

जेवणघरात चमच्यांची टकटक सुरू झाली. "आज काय हवा खायची का?" एका आजोबांनी आतून विचारलं. उकळत्या पाण्यात मावशी चिमट्याने एकेक ताट बुडवत होत्या आणि बाहेर काढत होत्या.

"दवाखान्यातल्या त्या आजी आहेत ना," मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्यांना डाग फार खुपतो. त्यांचं ताट मी दोनदा पुसायचे."

जंतू काचेच्या बशीत वाढवून ओळखायला मुलीला शिकवलं होतं, पण अशा वेळी काय बोलावं हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने फडकं पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बंद केलं आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवली.

ती निघाली तेव्हा मावशी फाटकापर्यंत आल्या.

"यात काही निघालं, तर मला काढतील?"

"नाही. कारण कळलं की उपाय करता येतो. मी आश्रमाशी बोललेय. फडकी जातील, तुम्ही राहाल."

"आणि नाही निघालं, तर?"

मुलीने मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मावशींना काय ते समजलं. उभ्या जन्मात त्यांनी आपल्या स्वच्छतेला कुणाला नाव ठेवू दिलं नव्हतं. पेटीच्या झाकणावर हात ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मॅडम म्हणायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

"नीट शोध हं, पोरी," त्या म्हणाल्या. "फार घाण आहे ते."