चौऱ्याऐंशी टक्के

“तुम्हाला कामावरून काढलंय,” मॅनेजर म्हणाले, “पण अंगठा काढू नका.”

इंजिनिअरने अंगठा काढला नाही. तो टेबलावर वाकून बसला होता. डाव्या हाताने त्याने काडेपेटीएवढी एक काळी डबी घट्ट धरली होती आणि उजव्या हाताचा अंगठा तिच्यात खुपसलेल्या वायरवर दाबला होता. वायरचं दुसरं टोक लॅपटॉपमध्ये होतं. कंपनी हात वाळवायची मशीनं बनवायची. प्रत्येक मशीनमध्ये एक चिप असायची आणि चिपमध्ये प्रोग्राम जायचा तो या डबीतून. नव्या चिपा आल्या तेव्हा डबीने त्यांना ओळखच दाखवली नाही. म्हणून आज सकाळपासून खुद्द डबीचंच अपडेट चाललं होतं. वायर होती सैल. अंगठा सुटला की वायर निसटणार, वायर निसटली की अपडेट अर्धवट राहणार, आणि अर्धवट अपडेट झालेली डबी फक्त कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला बरी.

मॅनेजरना हे समजावून सांगायची गरज नव्हती. आधीची डबी त्यांच्याच हातून गेली होती. ती अशीच अपडेट होत असताना त्यांनी वायर उपटून तिथे आपला फोन चार्जिंगला लावला होता.

“कितपत आलंय?”

“चौऱ्याऐंशी टक्के.”

मॅनेजरनी वाकून स्क्रीनवर पाहिलं. चौऱ्याऐंशीच होते.

त्यांच्या मागे एचआर मॅडम पत्र घेऊन उभ्या होत्या. काही मशीनं माणसाने हात काढून घेतल्यावरच वारा सोडतात आणि याला सदर इंजिनिअर जबाबदार आहे, असं पत्रात म्हटलं होतं. मॅडमनी पेन पुढे केलं. इंजिनिअरने पेनाकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“सर, यांची सही झाल्याशिवाय पत्र लागू होत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग मी धरतो ना वायर.” मॅनेजरनी बाह्या सरसावल्या.

“धरा की. मी सोडतो, तुम्ही पकडा. एक, दोन…”

“नको नको! राहू द्या. तुम्हीच धरा.”

मॅनेजर स्टूल ओढून बसले. काढलेल्या माणसाशी काय बोलायचं हे ठरलेलं असतं, पण काढता न आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. चहा आला. मॅडमनी कप इंजिनिअरच्या तोंडाला लावला. आधी फुंकर मारून लावला.

“साहेब, नाकाला खाज येतेय.”

मॅनेजरनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाही अशी खात्री करून पेनाच्या टोपणाने त्याचं नाक खाजवलं.

“जरा डावीकडे.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. बायकोचा होता. मॅनेजरनीच तो काढून त्याच्या कानाला लावला.

“काय झालं रे? काढलं का तुला?” तिचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे? आणि इतका लांबून का बोलतोयस?”

“फोन साहेबांनी धरलाय.”

“हात मोडला की काय तुझा?”

“हात शाबूत आहेत. नंतर सांगतो.”

“हे बघ, मी काल राजीनामा देऊन आलेय. सोमवारपासून माझं कॉलेज आहे. तुझी नोकरी आहे म्हणून मी सोडली. आता दोघांनी मिळून घरी बसायचं का?”

मॅनेजरनी फोन हलकेच त्याच्या खिशात सरकवला आणि काय करावं ते न सुचून वरून खिसा थोपटला.

मॅडम उरलेला चहा पाजायला पुढे झाल्या. पाजता पाजता त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. त्यांनी स्क्रीन पाहिली. आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. परत स्क्रीन पाहिली. चहाचा एक ओघळ इंजिनिअरच्या शर्टावर उतरला. तो हलला नाही. त्याने श्वाससुद्धा घेतला नाही.

“सर,” मॅडम सावकाश म्हणाल्या, “यांच्यानंतर कुणाचं पत्र काढायचंय?”

“कुणाचंच नाही. हेच शेवटचे. बाकीची सगळी गेली की.”

“मग यांच्यानंतर मी काय काम करायचं?”

मॅनेजर हसले. “ते आपण बघू.”

हे वाक्य मॅडमच्या चांगलंच ओळखीचं होतं. वर्षभरात काढलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतःच ते ऐकवलं होतं, आणि अगदी असंच हसून.

त्यांनी कप खाली ठेवला. “सर, राग मानू नका. पण इतक्या नाजूक वेळी माणसाला असं काही सांगावं का? धक्क्याने अंगठा थरथरला असता तर? मालक विचारतील, दुसरी डबी कुणाच्या डोळ्यांदेखत गेली?”

मॅनेजर स्टुलावरून उठले. मग स्टूल करकरलं म्हणून स्वतःच दचकले.

“पत्र मागे घ्या,” ते कुजबुजले. “अपडेट पूर्ण होईपर्यंत हे आपलेच. पगारासकट.”

“तसं लेखी देऊन टाका ना, सर. यांचा हात स्थिर राहील.”

मॅनेजरनी उभ्या उभ्या फोनवरून मेल धाडला. मग टेबलाला हादरा बसू नये म्हणून चवड्यांवर चालत ते जेवायला गेले. दारसुद्धा त्यांनी दोन्ही हातांनी लावलं.

मॅडमनी पत्राची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती पर्समध्ये टाकली. मग इंजिनिअरच्या कानाशी वाकल्या.

“सर यायच्या आत स्क्रीनवरच्या त्या फोटोत चौऱ्याऐंशीचे पंच्याऐंशी करून ठेवा. आणि कोपऱ्यातलं घड्याळ झाका आधी, त्यात अजून सकाळचे दहाच वाजलेत.”