बिस्किट कारखान्याची केस

निवृत्तीआधीच्या माझ्या शेवटच्या तासाला दादा न सांगताच आला. एमबीएच्या वर्गात केस स्टडीच्या प्रती वाटून झाल्या होत्या. "हे एक जुने लघुउद्योजक," एवढीच ओळख मी करून दिली. सख्खा भाऊ म्हणायला जीभ रेटली नाही, कारण केस त्याच्याच बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याची होती. नावगाव बदलून ती मी सत्तावीस वर्षं शिकवत आलो. माझं थोडंफार नाव झालं, तेही तिच्यामुळेच. मागच्या बाकावर बसून दादाने प्रत वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

मुलं मालकाच्या चुका शोधू लागली.

"सर, सगळा बाजार पाकिटांवर गेला आणि हा डब्यातून सुटी बिस्किटं विकत बसला!"

"झोपला होता का?"

वर्ग हसला. दादाही हसला.

"मुख्य चूक कोणती?" मी नेहमीप्रमाणे विचारलं.

"पाकिटं भरायचं यंत्र वेळेवर घेतलं नाही," पुढच्या बाकावरची इरावती म्हणाली. "घाबरला."

दादाने हात वर केला. "घाबरला नव्हता, पोरी. यंत्र ठरलं होतं. पण त्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावाला अहमदाबादला एमबीएला प्रवेश मिळाला. दोन्ही जमणार नव्हतं."

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

इरावती माझ्याकडे वळली. "म्हणजे धंद्याचा पैसा घरात घातला. ही तर त्याहून मोठी चूक, ना सर?"

दादा माझ्याकडेच बघत होता.

"हो," मी म्हणालो. "लिहून घ्या."