पार्ट मिळत नाही

लिव्हर अर्ध्यावर येऊन अडकत होती. शांतिनाथ अण्णांनी ती अंगठ्यानं हलकेच रेटून पाहिली, मागं सोडली, पुन्हा रेटली. शटरचं बटणही दबेना. फोटो मोजायच्या बारक्या खिडकीत सत्तावीसचा आकडा थांबलेला.

तो आकडा त्यांना न बघताही आठवत होता.

“व्हईल का वो अण्णा?” काउंटरपलीकडून अंबूबाईनं विचारलं. ती सकाळच्या एसटीनं शिराळ्याहून सांगलीला आली होती. “संयोगिता म्हणती, आता बाबांच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढणार. पोरांत ह्या जुन्या रोलचं लय याड आलंय म्हणं.”

“संयोगिता म्हणजे जोतीरामांची मुलगी?”

“व्हय. ते गेलं तवा चार म्हयन्यांची हुती. औंदा पोलिसात लागली.” अंबूबाईनं पिशवीची घडी घातली. “तुमी म्हणला हुता, झाकण उघडू नका, आतला रोल जळंल. आजपातुर कुणाला हात लावू दिला न्हाई.”

स्क्रू-ड्रायव्हर शोधायच्या निमित्तानं अण्णांनी खण उघडला आणि थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

चोवीस वर्षांपूर्वी, फौजेतून सुट्टीवर आलेला जोतीराम हा कॅमेरा ह्याच दुकानात ठेवून गेला होता. रोल अर्ध्यात, लिव्हर अडकलेली. असा कॅमेरा काळ्या पिशवीत हात घालून, चाचपडत उघडायचा असतो, हे अण्णांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण लग्नसराई होती, दुकानात गर्दी. रोल गुंडाळून झालाय असं त्यांनी घाईत धरलं आणि भर उजेडात झाकण उघडलं. सत्तावीस फोटो तिथल्या तिथं गेले.

संध्याकाळी जोतीराम आला. अण्णा म्हणाले, “उद्या या.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण कॅमेरा चालू झाला असता तर उरलेला रोल संपला असता, धुवायला आला असता आणि काळाकुट्ट निघाला असता. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा तसाच परत दिला.

“पार्ट मिळत नाही. मिळेपर्यंत झाकण उघडू नका.”

जोतीराम वर आभार मानून गेला. पुढच्याच आठवड्यात पेपरात त्याचा गणवेशातला फोटो आला. शिराळ्याच्या जवानाचा कर्तव्यावर मृत्यू. त्याखालचं अण्णांना वाचवलं नाही.

दरवर्षी पर्युषण संपलं की अण्णा ओळखीच्यांच्या दारोदार जाऊन क्षमा मागत. शिराळ्याच्या एसटीत मात्र ते एकदाही बसले नव्हते. तान्ह्या लेकीला मांडीवर घेतलेला बाप त्या रोलात होता, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं.

त्यांनी काळी पिशवी काढली, कॅमेरा आत सारला, हात घातले. आता अंधाराचा काही उपयोग नव्हता, तरी घातले. रोल गुंडाळून बाहेर काढला. दातेरी चक्रात रुतलेला फिल्मचा तुकडा बोटाला लागला, नखाएवढा. तो चिमट्यानं ओढून काढला. मग खालची पट्टी खोलून वाळलेलं ग्रीस पुसलं, थेंबभर तेल सोडलं. लिव्हर सरकन फिरली. शटर खट्टकन वाजलं.

“आगं बया! झाला?” अंबूबाई उठून उभी राहिली. “आन् पार्ट?”

इतक्या वर्षांत रोल खराब झाला, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. ते वाक्य अण्णांच्या ओठांवर आलंही होतं.

“वहिनी, पार्ट लागतच नव्हता,” ते म्हणाले. “मी उजेडात झाकण उघडलं होतं. तुमचे फोटो माझ्या हातून जळाले. सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून जोतीरामांना तीन दिवस हेलपाटे घालायला लावले. शेवटी खोटं सांगून परत पाठवलं. मला क्षमा करा.”

त्यांनी हात जोडले.

अंबूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“आवं अण्णा, त्यात म्हस हुती!”

“काय?”

“नवी म्हस घेतल्याली तवा. अख्खा रोल तिच्यावर घालवला ह्यांनी. शिंगं अशी, कास तशी. लेकीचं फोटो आदल्या रोलात. ते शिराळ्यात धुतलं. घरात भितीवर हायती की!”

अण्णा स्टुलावर मटकन बसले. चोवीस वर्षं, आणि म्हैस. त्यांना हसू आलं, डोळेही भरून आले. त्यांनी चष्मा पुसला, समोरच्या टपरीला हाक मारून दोन चहा सांगितले. छाती इतकी मोकळी कित्येक वर्षांत वाटली नव्हती. पुढच्या खेपेला संयोगितेलाच घेऊन या, रोल कसा भरायचा ते मी शिकवतो, असंही ते म्हणाले.

अंबूबाई चहा पिता पिता थांबली.

“मंजी अण्णा, पयल्याच दिशी कॅमेरा मिळाला असता?”

“दहा मिनिटांत.”

तिनं कप खाली ठेवला.

“ह्यांचं मंगळवारचं रिझर्व्हेशन हुतं. गावच्या पोरांसंगट. म्हणलं, कॅमेरा नीट करून तुझ्या हातात देतो, लेकीचं फोटो काढून धाडत जा. फोन करून दोन दिस सुट्टी वाढवून घेतली.” तिचा आवाज चढला नाही. “मंगळवारी गेल्याली पोरं सुखरूप पोचली. ह्ये बेस्तरवारी निघालं, तळावर जाताना त्यांचा फौजेचा ट्रक दरीत गेला.”